मुहूर्त कुणाच्या सोयीचा?

निवडणूक आयोगाने ९ ऑक्टोबर २०२३ रोजी राजस्थान विधानसभेच्या मतदानाची तारीख जाहीर केली, ती २३ नोव्हेंबर होती. दोनच दिवसांनी ती बदलून २५ नोव्हेंबर करण्यात आली. कारण काय, तर २३ तारखेस देवउठनी एकादशी, म्हणजे आपली कार्तिकी. त्या दिवशी इकडे गल्लोगल्ली लग्ने. मतदार मांडवात आणि वाहने वरातीत! लोकांची अडचण पाहून आयोगाने तारीख हलविली, हे उत्तमच केले. परंतु साऱ्या राज्याचे मतदान जेथे दोन दिवस पुढे सरकू शकते, तेथे आमच्या घरचे एक लग्न बुधवारचे रविवारी सरकत नाही, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते.

आम्ही म्हणजे केंद्र सरकारच्या चाकरीनिमित्त जयपुरात येऊन राहिलेली मराठी माणसे. आमच्या वाट्यास वर्षाकाठी आठ नैमित्तिक रजा. अर्जित रजा तीस दिवस जमा होते खरी. पण रजा हा हक्क नव्हे, हे नियमातच लिहून ठेवलेले आहे. मुंबई येथून साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडत असे, ते १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आले. अशा स्थितीत गावाकडून निरोप येतो : "बुधवारचा १२ वाजून ३७ मिनिटांचा मुहूर्त निघाला आहे, सर्वांनी यायचे हं!" मग रजेचा अर्ज, साहेबांची मर्जी, प्रतीक्षायादी, आणि शेवटी मुलीला बोहल्यावर आणायला मामा नाही, कानपिळीला भाऊ नाही. तो बिचारा कचेरीतल्या टेबलाखाली फोन धरून अक्षता पडताना पाहतो. हे शुभ म्हणायचे काय?

शास्त्राचा आधार सांगणाऱ्यांस आम्ही शास्त्राच्याच अंगणात नेतो. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेले आणि २०१० मध्ये जागतिक वारसा ठरलेले जंतरमंतर आमच्या गावात आहे. तेथील सम्राट यंत्र जयपूरची स्थानिक वेळ दाखविते, ती घड्याळाच्या वेळेहून सुमारे अर्ध्या तासाने निराळी. शेजारीच बारा राशींची बारा राशिवलय यंत्रे आहेत. 'लग्न' हा शब्द मुळात ज्योतिषाचा. पूर्वक्षितिजावर उगवत असलेली रास म्हणजे लग्न. ती स्थळागणिक बदलते. मुंबई आणि जयपूर यांच्या रेखांशांतील अंतरापोटीच सुमारे बारा मिनिटांचा फरक पडतो. तेव्हा महाराष्ट्रात काढलेली मिनिटे जयपूरच्या मांडवास जशीच्या तशी लावणारा गृहस्थ शास्त्र पाळीत नसून केवळ आकडा पाळीत असतो. आणि तो तरी पाळतो कुठे? मंगलाष्टके लांबतात, छायाचित्रकार हार पुन्हा घालावयास सांगतो, आणि ती सदतीस मिनिटे केव्हाच उलटून गेलेली असतात.

बरे, पंचांगांत तरी एकमत आहे काय? सूर्य धनुराशीत असताना, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, इकडे मलमास मानतात आणि लग्ने बंद ठेवतात. आपल्याकडील पंचांगांत मात्र डिसेंबरच्या उत्तरार्धातही विवाहमुहूर्त सापडतात. आकाश एक, सूर्य एक. जयपुरात वर्ज्य ते सोलापुरात ग्राह्य! एवढेच कशाला, चातुर्मासात अडलेल्यांसाठी आपत्कालातले मुहूर्तही आपली पंचांगे देतात. पंचांगकर्त्यांस माणसाची अडचण कळते. ती कळत नाही यजमानास.

शुभ दिवसाने कृत्य शुभ होते, हाही भ्रम याच भूमीत उघडा पडला आहे. अक्षय्य तृतीया हा इकडचा 'अबूझ' मुहूर्त. त्या दिवशी पंचांग विचारावे लागत नाही. त्याच सोयीने त्या दिवशी या प्रांतात अजाण मुलामुलींची लग्ने ढिगाने लावली जात. त्याविरुद्ध १९२९ चा कायदा घडवून आणणारे हरविलास सारडा अजमेरचेच. तिथी निर्दोष होती. दोष माणसांत होता.

कायद्याचे म्हणाल, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मुहूर्ताचा उल्लेख नाही. जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोटिशीनंतर तीस दिवस थांबावे लागते. पण हरकत न आल्यास पुढे, नोटिशीपासून तीन महिने भरेपर्यंत, दिवस आपल्या सोयीने घेता येतो.

आम्ही पंचांग चुलीत घाला म्हणत नाही. घरातील वडीलधाऱ्यांचे समाधान हीदेखील लग्नातील एक गरज आहे, आणि ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. आमचे म्हणणे प्रश्नांच्या क्रमाविषयी आहे. आज आपण प्रथम गुरुजींस विचारतो, मग कार्यालयवाल्यास, मग आचाऱ्यास, आणि माणसांस सर्वांत शेवटी, तेही निमंत्रणपत्रिकेने! हा क्रम उलटा करावा. ज्यांच्यावाचून कार्य होणार नाही अशा दहा-बारा जणांची यादी आधी करावी. त्यांच्या रजा, मुलांच्या परीक्षा आणि आरक्षणाचे साठ दिवस मांडून, रविवारला लागून आलेल्या सुट्ट्यांतून चार तारखा काढाव्या, आणि मग त्या चारांतील बरी कोणती, एवढेच गुरुजींस विचारावे. सहा महिने आधी हे केले तर कार्यालयही पसंतीचे मिळेल. कारण ठरावीक मुहूर्तांवर सारा गाव तुटून पडतो, म्हणूनच तर भाडी चढतात.

कोणी म्हणतील, चार नोकरदारांसाठी रीत का मोडावी? त्यांस आमचे उत्तर असे की, अंतरपाटाभोवती आप्तांनी जमावे, हीच मूळ रीत आहे. ग्रह कुणाच्याही लग्नाला रजा टाकून येत नाहीत. येतात ती माणसे.