तात्पर्य पुरे

तुमच्या घरी चिमणीचं घर मेणाचंच आहे ना? आमच्याकडेही होतं. मग एका दुपारी माझ्या सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "सिंगापुरात मेणाचं? मेल्ट होईल ना, आई!" मी उत्तर शोधते आहे तोवर तिने गोष्टच उलटी केली. ऊन पडलं, चिमणीचं घर वितळलं, आणि चिमणी कावळ्याच्या शेणाच्या घरापुढे येऊन दार वाजवायला लागली. कावळ्याला बाळ नाही, त्यामुळे अंघोळ, पावडर, तीट यांपैकी एकही सबब त्याच्या कामाची नाही. तो म्हणाला, थांब, मी कपडे वाळत घालतोय. मग म्हणाला, थांब, लिफ्ट बिघडली आहे. मग म्हणाला, थांब, मी झोपलोय. झोपलेला कावळा बोलतो कसा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आम्ही क्वीन्सटाउनमध्ये राहणारी चार-पाच मराठी कुटुंबं रविवारी मुलांसाठी गोष्टींचा तास घेतो. कधी कुणाच्या घरी, कधी ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकमध्ये. ही उलटी गोष्ट तिथे सांगू द्या आणि सोबत बग्ज बनीची एक-दोन जुनी कार्टून्स दाखवू, असं मी सुचवलं. उत्तर आलं: "आधी सरळ गोष्ट तर नीट येऊ दे. आणि कार्टूनमधून कसले संस्कार होणार?" मत घेतलं, मी हरले. व्हॉट्सअ‍ॅपवर भांडणं मला जमत नाही. तिथे शेवटी कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकतं आणि विषय संपतो. म्हणून इथे लिहिते. तुम्ही एडिसनमध्ये असा की मेलबर्नमध्ये, असा एखादा तास तुमच्याकडेही असणार, आणि तिथेही प्रत्येक गोष्टीच्या शेपटाला 'तात्पर्य' बांधलेलं असणार.

आधी ही वाकडी कार्टून्स काय करतात ते बघा. डिस्नेने १९३३ साली 'तीन छोटी डुकरं' केलं. गोष्ट सरळ, विटांचं घर बांधणारा शहाणा, ऑस्करही मिळालं. त्यानंतर सोळा वर्षांनी वॉर्नर ब्रदर्सच्या रॉबर्ट मॅकिम्सनने 'द विंडब्लोन हेअर' काढलं. त्यात डुकरं स्वतःच गोष्टीचं पुस्तक वाचतात. लांडगा येऊन गवताचं घर पाडणार हे त्यांना पुस्तकातूनच कळतं, तेव्हा ती ते घर बग्ज बनीच्या गळ्यात मारतात. लांडगाही पुस्तक वाचून आलेला असतो. फुंकर मारायची म्हणून मारतो, मनात काही नसतं बिचाऱ्याच्या. ज्याने पुस्तक वाचलेलं नाही तो एकटा फसतो. यापेक्षा वाचनाचा जोरदार प्रचार कुठल्या संस्कारवर्गाने केला असेल तर मला सांगा.

टेक्स अ‍ॅव्हरीने १९४३ साली एमजीएमसाठी 'रेड हॉट रायडिंग हूड' केलं. सुरुवात अगदी गोग्गोड: रान, टोपली, आजी. आणि मध्येच लांडगा थांबतो व निवेदकावर उखडतो, पुरे झालं हे! लाल टोपीवालीही कंटाळलेली, आजीही. सगळे मिळून संप करतात, आणि गोष्ट हॉलिवूडच्या नाइटक्लबात सुरू होते. १९५७ साली फ्रिझ फ्रेलेंगने तीन डुकरांचा जॅझ बँड काढला. लांडगा ट्रंपेट घेऊन येतो. त्याला डुकरं खायची नाहीत, त्यांच्यासोबत वाजवायचं आहे, पण तो भयंकर वाजवतो. शेवटी मरून नरकात पोचल्यावर त्याला सूर सापडतो, आणि डुकरं त्याला बँडमध्ये घेतात. हे बघून माझी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, त्याला आधीच कुणी शिकवायला पाहिजे होतं. मी काही 'काढून' दिलं नव्हतं, तिचं तिने काढलं.

आता विरोधकांचा मुद्दा. सरळ आल्याशिवाय वाकडं कळत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. अ‍ॅव्हरीचा सगळा धंदाच त्यावर चालला. लाल टोपीवालीची गोष्ट ठाऊक नसलेल्याला त्या संपात हसण्यासारखं काहीच नाही. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. वाकडी गोष्ट हीच सरळ गोष्टीची परीक्षा आहे. मूल हसलं तर मूळ गोष्ट त्याच्यात मुरली आहे असं समजा. ते मख्ख बसलं तर तुम्ही वर्षभर काय सांगत होतात?

आणि ही 'मूळ गोष्ट' म्हणजे नक्की कुठली? माझ्या आजोळी कावळा घरात येऊन तापल्या तव्यावर बसतो नि भाजतो. नवऱ्याच्या घरी तो रात्रभर चिमणीचे चणे कुटुकुटु खातो. दोघांच्याही आज्या आपलीच गोष्ट खरी म्हणून शपथेवर सांगायच्या. आमच्या तासाला मात्र मोबाइलवरचं एक मराठी कार्टून दाखवतात. त्यात चिमणी लगेच दार उघडते, कावळ्याला चहा देते, आणि एक गुळगुळीत आवाज सांगतो की संकटात सर्वांना मदत करावी. म्हणजे गोष्ट तुम्हीही बदललीतच! फरक इतकाच की माझ्या मुलीने ती बदलून गंमत आणली, आणि तुमच्या कार्टूनने होती तेवढी काढून घेतली.

संस्कारांचा आधार म्हणून जे पंचतंत्र पुढे करतात त्यांनी ते एकदा मुळातून वाचावं. पहिल्याच तंत्रात, मित्रभेदात, दमनक नावाचा कोल्हा सिंह आणि बैल या दोन मित्रांत विष कालवतो. सिंह पिंगलक बैल संजीवकाला ठार मारतो. आणि दमनकाचं काय होतं? तो मंत्री होतो. वाटेत करटक आणि दमनक एकमेकांना गोष्टींवर गोष्टी सांगतात, त्या आपापली बाजू रेटायला. त्या पुस्तकात गोष्ट हे वादाचं हत्यार आहे. त्याची साखरेची गोळी आपण केली, बहुधा शालेय पाठ्यपुस्तकांच्या सोयीसाठी.

मराठीत याहून वेगळं घडलेलं आहे, ते विसरू नका. अमेरिकेत 'रॉकी आणि बुलविंकल'च्या कार्यक्रमात परीकथांची मोडतोड १९५९ साली सुरू झाली. त्याच वर्षी मुंबईत सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' उभं केलं आणि रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं. योगायोगच, पण मला आवडणारा. पुढे मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली, अलीकडे वैभव मांगलेंनी. थिएटरात मुलं टाळ्या कुणाला देतात? राजकन्येला? चेटकीण आली की अख्खं प्रेक्षागृह किंचाळतं, आणि चेटकीण त्यांच्याशी हुज्जत घालते. ती हुज्जत मराठीत होते, हे महत्त्वाचं.

इथे माझ्या रागाचं खरं कारण येतं. सिंगापूरच्या शाळेत तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषा मातृभाषा म्हणून घेता येतात. मराठी त्या यादीत नाही. त्यामुळे आमची बहुतेक मुलं हिंदी घेतात आणि मराठी घरात उरते: जेव, झोप, बूट काढ. त्यांना कळतं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. रविवारच्या तासाला ती तात्पर्य बिनचूक म्हणतात. 'संकटकाळी जो धावून येतो तोच खरा मित्र' हे वाक्य माझ्या मुलीला पाठ आहे. 'धावून येणे' म्हणजे पळत येणे, असं तिला परवापर्यंत वाटत होतं. पण कावळ्याला सबबी पुरवताना तिने 'वाळत घालतोय' हे क्रियापद आपणहून वापरलं. कुणी शिकवलं नव्हतं. चुकलीही, 'लिफ्ट बिघडला' म्हणाली, आणि मग स्वतःच दुरुस्त केलं, कारण कावळा चुकीचं बोललेला तिला चालणार नव्हता. मी प्रयोगशाळेत काम करणारी बाई. एका मुलीवरून सिद्धान्त मांडत नाही. पण पाठ केलेल्या वाक्याला दुरुस्तीची गरजच पडत नाही, एवढं तर तुम्हालाही दिसतं.

या कार्टून्सचं सगळंच मी डोक्यावर घेत नाही. 'रेड हॉट रायडिंग हूड'मधला लांडगा नाचणारीकडे ज्या नजरेने बघतो ते सहा वर्षांच्या मुलीला मी दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. बॉब क्लॅम्पेटने १९४३ सालीच हिमगौरीचं जे विडंबन केलं, त्यात काळ्या माणसांची इतकी ओंगळ चित्रं आहेत की १९६८ पासून ते प्रसारणातून काढलेलं आहे. बरंच झालं. निवड करावीच लागते. पण निवड करणं वेगळं आणि भिऊन सगळाच दरवाजा लावून घेणं वेगळं. आणि दार न उघडणारी ती चिमणी, तिचं तरी तुम्ही आजवर कौतुकच करत आला होतात ना?

तर माझा प्रस्ताव पुन्हा मांडते, या वेळी मतदान नको. पुढच्या रविवारी डिस्नेची डुकरं आधी दाखवा, मग 'विंडब्लोन हेअर'. शेवटी कुणीही मोठ्या माणसाने तोंड उघडायचं नाही. ज्या बाबांना सरळ गोष्ट हवी आहे त्यांनी चिऊ-काऊची गोष्ट सुरुवातीला सांगावी, त्यांच्या आजीची, तव्यासकट, आणि तात्पर्य गिळून टाकावं. त्यानंतरची पाच मिनिटं माझ्या मुलीला द्या. तिच्याकडे सबबींची नवी यादी आहे.