नाव बदललं आणि शेअर तिप्पट! कॉन्फरन्समधल्या ‘भारी’ शब्दांची किंमत नेमकी कोण मोजतं?

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ ‘लाँग आयलंड आइस्ड टी’ नावाची एक छोटी कंपनी होती. बाटलीबंद थंड चहा विकायची, नफा काही होत नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की आता आमचं नाव ‘लाँग ब्लॉकचेन’! बाटलीत चहाच होता. ब्लॉकचेनचा धंदा अजून सुरूही व्हायचा होता. तरी दिवस संपेपर्यंत शेअर जवळपास तिप्पट झाला.

पुढे २०१८ मध्ये नॅसडॅकने कंपनीला बाहेरचा रस्ता दाखवला आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने, म्हणजे ‘सेक’ने, तिच्या शेअरची नोंदणीच रद्द केली. ज्यांनी त्या दिवशी चढ्या भावात शेअर घेतले, त्यांनी एका शब्दाची किंमत मोजली.

बिझनेस कॉन्फरन्समधल्या ‘सिनर्जी’, ‘इकोसिस्टीम’, ‘थॉट लीडरशिप’ वगैरे शब्दांवर मीम्स भरपूर बनतात. ही थट्टाही जुनी आहे. १९९६ मध्ये एमआयटीच्या पदवीदान समारंभात उपराष्ट्राध्यक्ष अल गोर भाषण करत होते, तेव्हा विद्यार्थी हातात ‘बझवर्ड बिंगो’ची कार्डं घेऊन बसले होते! हसायला हरकत नाही, पण या शब्दांवर पैसा फिरतो हे विसरून चालत नाही.

डॉटकॉमच्या लाटेत हे मोजलंही गेलं. १९९८-९९ मध्ये नावात ‘डॉटकॉम’ जोडणाऱ्या ९५ कंपन्यांचा तीन अभ्यासकांनी अभ्यास केला. घोषणेच्या आसपासच्या दहा दिवसांत या शेअर्सनी बाजाराच्या तुलनेत सुमारे ७४ टक्के जादा परतावा दिला होता. गंमत म्हणजे, कंपनीचा इंटरनेटशी खरंच किती संबंध आहे, याने फारसा फरक पडला नव्हता.

आताचा शब्द कोणता?

‘एजेंटिक एआय’. साध्या भाषेत, तुम्ही एक काम सांगायचं आणि त्यातल्या पायऱ्या सॉफ्टवेअरने स्वतः ठरवून पूर्ण करायच्या. कल्पना खरी आहे, त्यावर कामही चालू आहे. पण गार्टनर या सल्लागार संस्थेने जून २०२५ मध्ये सांगितलं, की असं काही विकतो म्हणणाऱ्या हजारो कंपन्यांपैकी सुमारे १३० कंपन्यांकडेच खरा माल असावा. बाकीच्यांनी जुन्या चॅटबॉटवर नवं लेबल चिकटवलंय. (नव्या तंत्रज्ञानाचा गाजावाजा कसा चढतो-उतरतो, याचा ‘हाइप सायकल’ हा प्रसिद्ध आलेख याच गार्टनरचा. तोही आज कॉन्फरन्समधला आवडता शब्द आहे, हा भाग वेगळा.)

लेबल लावणं कधीकधी अंगाशीही येतं. मार्च २०२४ मध्ये ‘सेक’ने डेल्फिया आणि ग्लोबल प्रेडिक्शन्स या दोन गुंतवणूक सल्लागार कंपन्यांवर कारवाई केली. डेल्फिया सांगत होती, की ग्राहकांचा डेटा एआयला देऊन आम्ही गुंतवणूक ठरवतो. प्रत्यक्षात तसं होतच नव्हतं. दोघींना मिळून चार लाख डॉलरचा दंड झाला. याला ‘एआय वॉशिंग’ म्हणतात.

मग हे सगळे शब्द पोकळच असतात का?

नाही. बरेच शब्द जन्मतात तेव्हा नेमके असतात, वापरून वापरून गुळगुळीत होतात. ‘डिसरप्शन’ घ्या. हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी १९९५ मध्ये ही कल्पना मांडली. मोठ्या कंपन्या ज्या ग्राहकाकडे बघतही नाहीत, त्याला साधी, स्वस्त वस्तू विकत छोटा खेळाडू शिरतो आणि वर चढत जातो, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे महागड्या सर्फसमोर निरमाने केलं ते साधारण हेच. पुढे जो तो स्वतःला ‘डिसरप्टर’ म्हणवू लागला. शेवटी २०१५ मध्ये ख्रिस्टेन्सन यांनाच लिहावं लागलं, की उबरसुद्धा या व्याख्येत बसत नाही.

काही शब्द मात्र लपवण्यासाठीच घडवलेले असतात. ‘राइटसायझिंग’ म्हणजे नोकरकपात. जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना लांबलचक मेल लिहिला. सुरुवातीचे कितीतरी परिच्छेद धोरण आणि उत्पादनांचे. सुमारे १२,५०० जणांची नोकरी जाणार, ही बातमी बरीच खाली. ज्याच्या घराचा हप्ता चालू आहे, त्याने ती शोधत खाली जायचं!

भारतात ‘लाँग ब्लॉकचेन’ होऊ शकतं का?

नावापुरतं बोलायचं, तर तितकं सोपं नाही. सेबीच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमांतलं कलम ४५ यासाठीच आहे. शेअर बाजारातल्या कंपनीला नव्या धंद्याचं नाव लावायचं असेल, तर मागच्या एका वर्षातलं किमान ५० टक्के उत्पन्न त्या धंद्यातून आलेलं हवं, किंवा मालमत्तेच्या किमान ५० टक्के रक्कम त्यात गुंतवलेली हवी. आधीचं नाव बदलून वर्षही उलटलेलं असावं लागतं.

पण हा नियम कंपनीच्या नावाला लागू आहे. स्टेजवरच्या स्लाइडला आणि लिंक्डइन पोस्टला हा निकष लागत नाही. तिथे ‘एआय-फर्स्ट’ म्हणायला उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे पुढच्या वेळी असा शब्द ऐकून शेअर घ्यावासा वाटला, तर त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. कंपनी एकाहून जास्त धंद्यांत असेल, तर त्यात ‘सेगमेंट’नुसार उत्पन्न दिलेलं असतं. ‘एआय’समोर किती कोटी लिहिलेत, की त्या नावाची ओळच नाही, हे दोन मिनिटांत दिसतं.