सुरतेच्या नावाने खपलेला खानदेशी कापूस

बंगालचा ताग मोठा की मुंबईचा कापूस? एकोणिसाव्या शतकातील निर्यातीचे आलेख शेजारी ठेवले की इतिहासप्रेमींमध्ये हा वाद हमखास रंगतो. त्यातील एक गृहीतक मात्र सहसा तपासले जात नाही. निर्यातीचे आकडे बंदराचे असतात, शेताचे नव्हेत. नंदुरबारहून पाहिले की हे चटकन ध्यानात येते.

आधी ताग. क्रिमियाच्या युद्धामुळे (१८५३–५६) रशियाचे जवसाचे तंतू दुर्मीळ झाले आणि स्कॉटलंडमधील डंडीच्या गिरण्या अधिकाधिक बंगाली तागाकडे वळल्या. १८५५ मध्ये हुगळीकाठी रिश्रा येथे ताग गिरणीही उभी राहिली. नोंदींत नाव झाले ते कलकत्त्याचे. १९४७ च्या फाळणीने हा भ्रम उघडा पाडला: तागाची बहुतांश जमीन पूर्व बंगालात गेली, गिरण्या मात्र भारतात राहिल्या. आकड्यांतील ‘कलकत्ता’ बव्हंशी पूर्व बंगालच्या शेतात पिकत होता.

कापसाची कथा याहून गुंतागुंतीची. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लिव्हरपूलची नजर मुंबईकडे वळली. लँकेशायरच्या कामगारांच्या तोंडी पश्चिम भारतातल्या आखूड धाग्याच्या कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत. तेव्हा खानदेश जिल्ह्यात असलेला नंदुरबार सुरत-बऱ्हाणपूर या जुन्या व्यापारी मार्गावरचे गाव. पण तापीकाठच्या काळ्या जमिनीतला कापूस एकदा गासडीत दाबला गेला की त्याचे गाव पुसले जाई. व्यापारी प्रतींच्या यादीत ढोलेरा, भडोच, उमरावती यांच्यासोबत ‘खानदेश’ हे नाव असे, इतकेच. त्या नावाआड नंदुरबार किती आणि जळगाव किती, हे बंदराच्या तक्त्यावरून सांगता येत नाही. गंमत अशी की गासडीवरचे गोणपाट बंगाली तागाचे. ज्यांची तुलना चालते, ते दोघे एकाच जहाजात एकमेकांना गुंडाळून जात.

तुलनेचा दुसरा सापळा मापाचा. अमेरिकी गासडी मुंबईच्या गासडीहून वजनदार होती. नुसत्या गासड्या मोजल्या तर भारताचा वाटा फुगतो. शिवाय गासडीत माती आणि सरकीही भरत. ही भेसळ इतकी वाढली की १८६३ मध्ये मुंबईत त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

तिसरा सापळा किमतीचा. युद्धकाळात निर्यातीचे मूल्य वजनापेक्षा कितीतरी वेगाने वाढले. रुपयांचा आलेख पाहणाऱ्यास खानदेश रातोरात समृद्ध झाल्याचा भास होतो. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईचा शेअरबाजार बुडाला. मुंबईच्या त्या दिवाळखोरीवर पुष्कळ लिहिले जाते. चढ्या भावाच्या भरवशावर काढलेल्या कर्जाचा हिशेब मात्र सावकाराच्या वहीत राहिला, आणि ती वही कोणत्याही निर्यात-तक्त्याला जोडलेली नाही.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोरे रेल्वेने नंदुरबार थेट सुरतेशी जोडले. तोवर मुंबई-अहमदाबादच्या गिरण्याही कापूस रिचवू लागल्या होत्या. देशी गिरणीत गेलेली गासडी निर्यातीत मोजली जात नाही. त्यामुळे पुढल्या दशकांच्या तक्त्यांत एखाद्या प्रदेशाची निर्यात घटलेली दिसली, तर तिथला कापूस घटला असे म्हणण्याआधी पेरणीच्या क्षेत्राचे आणि रेल्वेच्या मालवाहतुकीचे आकडे उघडावे लागतात.