पुढारीपण आणि दीडची एस.टी.

‘पुढारी जन्मावा लागतो,’ असे वक्तृत्व स्पर्धांतून आपण नेहमी ऐकतो. ज्याच्या अंगी गुण असतील तो आपोआप पुढे येईल, हा त्यामागचा समज. मला तो पटत नाही.

अमेरिकेत दोन वर्षांची ‘कम्युनिटी कॉलेजे’ आहेत. त्यांतले सर्वांत जुने सार्वजनिक कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झाले. प्रवेश खुला, फी कमी. विद्यार्थी बहुतेक घरूनच ये-जा करणारे, पुष्कळसे नोकरी सांभाळून शिकणारे. १९६० साली बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने दाखवले की, ही कॉलेजे कित्येकांच्या आकांक्षा हळूहळू थंड करतात. विद्यार्थ्याला सौम्य शब्दांत लहान वाटेकडे वळवले जाते. शेवटी त्याला वाटते, आपणच तसे ठरवले! पुढे १९८४ मध्ये अलेक्झांडर ॲस्टिन यांनी मांडले की, जो विद्यार्थी कॉलेजच्या जीवनात अधिक वेळ व शक्ती घालतो, त्याचा विकास अधिक होतो. खरे आहे. पण तास संपताच ज्याला कामावर पळायचे, त्याने वेळ कोठून आणावा?

याचे उत्तर मला लॉरा रेंडॉन यांच्या संशोधनात सापडते. मेक्सिकोच्या सीमेवरील लरेडो गावच्या, गरीब घरातल्या या बाई स्वतः दोन वर्षांच्या कॉलेजातून शिकून प्राध्यापक झाल्या. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या मुलाखतींच्या आधारे १९९४ मध्ये त्यांनी सांगितले की, अशी मुले आपणहून पुढे येतीलच असे नाही. पहिले पाऊल संस्थेने टाकावे. ‘तुला हे जमते’ असे कोणीतरी, तेही सुरुवातीलाच, सांगावे लागते. याला त्या ‘मान्यता देणे’ म्हणतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पहिल्या वर्षी मी शेवटच्या बाकावर बसे. एकदा ट्यूटोरिअलची वही परत देताना सर म्हणाले, “तुझा मुद्दा बरोबर आहे. उद्या वर्गात मांड.” दुसऱ्या दिवशी पाय थरथरत होते, पण बोलले. त्यानंतर मी गप्प बसलेली नाही. गुण त्या एका रात्रीत थोडेच जन्मले?

कोणी म्हणेल, हे बोट धरून चालवणे झाले. असेल. पण शिकल्यासवरल्या घरातल्या मुलांचे बोट घरीच धरलेले असते. ते दिसत नाही, एवढेच.

आपल्याकडे स्नेहसंमेलनाच्या समित्या दुपारी तीनला ठरतात. आम्हा खेड्यावरच्या मुलींची एस.टी. दीडला सुटते. मग ‘मुली पुढे येत नाहीत’ असा शेरा ऐकावा लागतो. माझी सूचना साधी आहे. समित्या तासांच्या वेळेत ठरवाव्यात आणि प्राध्यापकांनी मागच्या बाकावरच्या निदान एकाला नाव घेऊन विचारावे. वर्गमित्रांनो, तुम्हीही विचारा. हात वर झालेला नाही याचा अर्थ तो रिकामा आहे असा नव्हे.

— द्वितीय वर्ष, कला