मोबाइल टॉवर बंद पडला तर? पुरात हॅम रेडिओचा कोणता अँटेना कामाला येतो

जुलै २०२३ मध्ये पुसदशेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर पुराने वेढलं. लोकांना बाहेर काढायला हवाई दलाची मदत मागवावी लागली. अशा वेळी मोबाइलही बंद पडला तर निरोप कसा जाणार? १९९३ च्या किल्लारी भूकंपात हे काम हॅम रेडिओवाल्यांनी केलं होतं.

जागा कमी असेल तर उभा अँटेना सोयीचा. ७ मेगाहर्ट्झसाठी साधारण १० मीटर उंची आणि जमिनीवर पसरलेल्या तारा लागतात. तोच अँटेना इतर बँडवर वापरायचा तर ट्यूनर हवा. ट्यूनर घरात ठेवला तर मेळ न बसल्याने बरीच शक्ती केबलमध्येच वाया जाते. म्हणून रिमोट ट्यूनर थेट अँटेनाच्या बुडाशी बसवतात.

पण इथे एक मेख आहे. उभ्या अँटेनाच्या लहरी क्षितिजाकडे जातात. त्या दूरच्या राज्यांसाठी उत्तम. पुसदहून यवतमाळला बोलायचं तर कमी उंचीवर आडवी बांधलेली तार बरी. तिच्या लहरी वर जातात आणि दिवसा आयनोस्फिअरवरून आसपासच परततात.

थोडक्यात, पुराच्या तयारीसाठी दोन्ही हवेत. सोबत बॅटरी आणि केंद्र सरकारचा परवाना. परीक्षा देऊन तो वयाच्या १२ व्या वर्षापासून मिळतो. आणि हो, ढग दाटून आले की केबल काढून ठेवायची!