झाडूने वाढणारे विष

रुग्णालयातला जुना रक्तदाबमापक फुटतो, पारा फरशीवर सांडतो आणि पहिली हाक जाते ती सफाई कामगाराला. त्याच्या हाती असतो झाडू. आणि नेमके तेच साधन तिथे वर्ज्य आहे.

यामागचे भौतिकशास्त्र शालेय गणिताने पडताळता येते. पाऱ्याचा पृष्ठताण पाण्याच्या सहापटींहून अधिक असल्यामुळे तो फरशीवर पसरत नाही, त्याच्या गोळ्या होतात. झाडूच्या फटक्याने एका थेंबाच्या हजार समान गोळ्या झाल्या, तर पारा तेवढाच राहतो. पृष्ठफळ मात्र दहापट होते. बाष्पीभवन पृष्ठभागावरूनच होते. म्हणजे झाडू विष गोळा करत नाही, ते हवेत वेगाने सोडतो. ही वाफ दिसत नाही, तिला वास नाही; आणि श्वासातून आत गेलेल्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग शरीरात शोषला जातो.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ याकडे कसे पाहतात? ‘मोठ्या अपघाता’च्या व्याख्येतून सुई टोचणे आणि पारा सांडणे हे दोन्ही प्रकार नाव घेऊन वगळलेले आहेत. मोठ्या अपघाताचा अहवाल २४ तासांत द्यावा लागतो. बाकीच्यांची माहिती वार्षिक अहवालात दिली की पुरे. व्याख्या मोठ्या लोकसमूहाच्या धोक्यासाठी आहे, असा बचाव होईल. तो मान्य केला, तरी इजा होणारा माणूस एकटा आहे म्हणून इजा लहान ठरत नाही. हाताला कंप सुटलेल्या कामगाराला वार्षिक अहवालाचा उपयोग काय?

भारताने २०१८ मध्ये मिनामाता कराराला मान्यता दिली. पाऱ्याची उपकरणे हटवणे योग्यच. पण ती हटवतानाही फुटतात, आणि तेव्हाही बोलावणे त्याच कामगाराला जाते.

करायचे ते अवघड नाही. माणसे बाहेर काढावीत, पंखा व वातानुकूलन बंद करून खिडक्या उघडाव्यात. सोन्याची अंगठी उतरवावी, कारण सोने पारा शोषते. नायट्राइलचे हातमोजे घालून, विजेरीच्या तिरप्या उजेडात गोळ्या जाड पुठ्ठ्याने एकत्र कराव्यात, ड्रॉपरने उचलाव्यात, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत; सारे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. मोरीत काहीही ओतू नये.

यातली एकही वस्तू महाग नाही; तेव्हा खर्चाची सबब चालणार नाही. हा संच प्रत्येक मजल्यावर हवा, कंत्राटी कामगाराला त्याच्या भाषेत आणि पगारी वेळेत प्रशिक्षण हवे, आणि अशा प्रत्येक घटनेची नोंद २४ तासांत हवी.

प्रयोगशाळेत पारा सांडला, तर विद्यार्थ्यांना बाहेर काढतात. रुग्णालयात कामगाराला आत बोलावतात. पारा दोन्हीकडे एकच आहे.