विश्लेषण : खुबा बदलला, तरी बाहेरच्या बाजूने का दुखते?

खुबा प्रत्यारोपणानंतर जांघेतले जुने दुखणे बहुतेकांचे थांबते. मात्र काही आठवड्यांनी चालणे वाढू लागले की काही रुग्णांना खुब्याच्या बाहेरच्या बाजूला नवेच दुखणे जाणवते. त्या कुशीवर झोपवत नाही, जिना चढताना कळ येते. ‘बसवलेला सांधा हलला तर नाही ना?’ ही पहिली भीती. प्रत्यक्षात कारण अनेकदा सांध्यात नसून भोवतालच्या स्नायूंत असते. त्यावरचा मुख्य उपाय शिस्तीने केलेला व्यायाम आहे. पण त्याची खरी गरज लागते तोवर सरकारी विमा योजनेचे संरक्षण संपलेले असते.

दुखते नेमके काय?

खुब्याच्या बाजूला हात ठेवला की मांडीच्या हाडाचा उंचवटा लागतो. ग्लुटियस मिडियस आणि मिनिमस हे कुल्ह्याचे दोन स्नायू तेथे कंडरेने, म्हणजेच टेंडनने, जोडलेले असतात. चालताना प्रत्येक पावलाला शरीर क्षणभर एकाच पायावर तोलले जाते. त्या वेळी कंबर दुसऱ्या बाजूला झुकू न देण्याचे काम हे स्नायू करतात आणि खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. स्नायू कमकुवत असतील तर हा ताण कंडरेला सोसत नाही. पूर्वी या दुखण्याला सरसकट उंचवट्यावरील पिशवीची, म्हणजे बर्साची, सूज म्हटले जाई. आता मूळ दोष बहुतांशी कंडरेत असतो, असे मानले जाते.

शस्त्रक्रियेशी संबंध काय?

सर्जन सांध्यापर्यंत मागून, पुढून किंवा बाजूने पोहोचतात. बाजूने जाताना ग्लुटियस मिडियसचा काही भाग सोडवून पुन्हा शिवावा लागतो. त्यामुळे तो भरून येईपर्यंत लंगडणे आणि दुखणे संभवते. मागून शस्त्रक्रिया झाली तरी प्रश्न सुटतोच असे नाही. खुबा झिजल्याने रुग्ण अनेक वर्षे लंगडत असतो आणि तेवढ्या काळात स्नायू रोडावतात. सांधा एका दिवसात नवा होतो, स्नायू होत नाहीत. त्यातच बरे वाटू लागल्यावर चालणे एकदम वाढवले की दुखणे उफाळते.

विश्रांती, इंजेक्शन की व्यायाम?

‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील २०४ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांनी व्यायाम व मार्गदर्शन मिळालेल्या गटातील सुमारे ७७ टक्के, स्टेरॉइड इंजेक्शन घेतलेल्यांतील ५८ टक्के, तर केवळ वाट पाहणाऱ्यांतील २९ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम वाटला. हे रुग्ण खुबा बदललेले नव्हते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण कंडरेला बळ हळूहळू वाढणाऱ्या भारानेच येते, हे तत्त्व इथेही उपयोगी आहे. कृत्रिम सांध्याजवळ इंजेक्शन घेताना जंतुसंसर्गाचा धोका लक्षात घ्यावा लागतो. शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

घरी काय सांभाळावे?

काठी शस्त्रक्रियेच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी, त्याने खुब्यावरचा ताण कमी होतो. लंगडणे थांबण्याआधी ती सोडण्याची घाई नको. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. एका पायावर भार टाकून, कंबर झुकवून उभे राहणे आणि पायावर पाय टाकून बसणे टाळावे. झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवावी. खाली मांडी घालणे, उकिडवे बसणे कधीपासून चालेल, हे सर्जनच सांगतील.

व्यायामाची सुरुवात स्नायू जागच्या जागी आवळण्यापासून होते. पुढे पाठीवर झोपून कंबर उचलणे, मग आधार धरून पायरीवर चढणे. बाजूने शस्त्रक्रिया झालेल्यांना पाय बाहेरच्या बाजूला उचलण्याचा व्यायाम अनेक सर्जन साधारण सहा आठवडे करू देत नाहीत. व्यायामात दुखणे दहापैकी तीन-चारच्या आत राहावे आणि दुसऱ्या सकाळी वाढलेले नसावे. वाढले तर व्यायाम बंद न करता प्रमाण कमी करावे.

तातडीने डॉक्टरांकडे कधी जावे?

ताप, जखमेतून स्राव किंवा वाढती लाली, पोटरीला सूज, अचानक पाय टेकवता न येणे, पाय आखूड किंवा वळलेला दिसणे ही धोक्याची चिन्हे आहेत. छातीत दुखून धाप लागली तर क्षणाचाही विलंब नको. जांघेत किंवा मांडीत पहिल्या पावलाला येणारी कळ, विश्रांतीतही न थांबणारे दुखणे असेल तर एक्स-रे व तपासणी हवी. कंबरेच्या मणक्यातूनही कळ खुब्याकडे येऊ शकते.

योजनेत हे कुठे बसते?

२०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे आणि खुबा प्रत्यारोपणाचाही समावेश आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना ती खुली झाली. मात्र रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपुरताच मिळतो आणि बाह्यरुग्ण उपचार योजनेबाहेर आहेत. टाके निघतात त्या सुमारास मुदत संपते, तर स्नायूंना बळ यायला तीन महिने किंवा अधिक लागतात. तोवर फिजिओथेरपीचा खर्च स्वतःच करायचा किंवा सरकारी रुग्णालयात खेटे घालायचे. गावाकडच्या रुग्णासाठी प्रवास आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज हाच मोठा खर्च ठरतो.

म्हणून घरी सोडतानाच तीन गोष्टी डिस्चार्ज कार्डवर लिहून घेणे हिताचे : शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने केली, कोणत्या हालचाली किती आठवडे टाळायच्या आणि कोणता व्यायाम केव्हा सुरू करायचा. तालुक्यातल्या फिजिओथेरपिस्टला पुढचे उपचार ठरवायला हा कागद लागतोच.